निशाणी नांगराची

१८७५ च्या सप्टेंबरात कोकरूडच्या लोकांनी सावकाराचं घर फोडलं आणि त्याचे कागद जाळले. वारणेकाठचं हे गाव आज सांगली जिल्ह्यात, शिराळा तालुक्यात आहे. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं. चार महिन्यांपूर्वी, १२ मे रोजी, पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात याच आगीची पहिली ठिणगी पडली होती. इतिहासाच्या पुस्तकात हे सगळं 'दख्खनचे दंगे' या नावाखाली दोन परिच्छेदांत येतं. पुणे आणि नगर हे दोन जिल्हे मुख्य मानले जातात, कोकरूड कुठेतरी शेवटच्या ओळीत. पण आमच्याकडच्या माणसाने त्या शेवटच्या ओळीपाशी थांबायला हवं. या दंग्यांत खून जवळजवळ झालेच नाहीत. लोकांनी सावकाराकडे खतं आणि रोखे मागितले. दिले तिथे बहुतेक वेळा ते जाळून मंडळी घरी गेली, दिले नाहीत तिथे घर पेटलं. आपल्याला नेमकं कशाने बांधलं आहे, हे त्या निरक्षर माणसांना पक्कं ठाऊक होतं.

ते आणखी एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेला होता. सर विल्यम वेडरबर्न. जन्म एडिंबरोचा, २५ मार्च १८३८. मुंबई इलाख्यातले सनदी नोकर, जिल्हा न्यायाधीश, सिंधचे न्यायिक आयुक्त, १८८५ पासून मुंबई उच्च न्यायालयात हंगामी न्यायमूर्ती, पुढे स्कॉटलंडमध्ये पार्लमेंटचे उमेदवार, एकदा पडलेले आणि मग निवडून आलेले, काँग्रेसचे दोनदा अध्यक्ष, ह्यूमसाहेबांचे चरित्रकार. शाळेच्या पुस्तकात ते काँग्रेस अध्यक्षांच्या यादीत भेटतात आणि तिथेच राहतात. मला ते यादीतून बाहेर काढून सातारा-सांगलीच्या रानात उभे करायचे आहेत. कारण ज्या कोर्टाचे ते न्यायाधीश होते, त्या कोर्टाविषयीच त्यांच्या मनात शंका उभी राहिली. ती त्यांनी नोकरीत असताना लिहून ठेवली आणि पुढचं सगळं आयुष्य तिच्यामागे घालवलं.

माझे वडील एका तालुक्याच्या दिवाणी कोर्टात नाझर होते. जप्तीची वॉरंटं, बेलिफांच्या फेऱ्या, पंचनामे हा त्यांचा रोजचा व्यवहार. घरी ते फार बोलत नसत. पण जुन्या दाव्यांची गोष्ट निघाली की सांगायचे, 'शेतकऱ्याला एकच प्रश्न असायचा, अंगठा तुझाच ना? तो हो म्हणाला की काम संपलं.' त्याच्याही आधीच्या काळात अंगठ्याच्या जागी निशाणी असे. लिहिता न येणारा कुणबी खताच्या तळाशी नांगराचं चित्र काढी, आणि कारकून बाजूला लिही, 'निशाणी नांगराची'. ज्या अवजाराने जमीन कसायची, त्याच्याच चित्राने ती गहाण पडायची. वडिलांनी मला हे सांगितलं तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि तेव्हापासून जुन्या कागदावरचा तो वेडावाकडा नांगर पाहिला की मी पुढचा मजकूर सलग वाचू शकत नाही.

वेडरबर्न यांना हीच यंत्रणा आतून दिसत होती. मराठेशाहीत सावकार होताच, पण वसुलीसाठी त्याला गावातच राहावं लागे, पाटील आणि पंचांची भीड धरावी लागे, आणि व्याज मुद्दलाच्या दुपटीपुढे जाऊ नये हा दामदुपटीचा रिवाज होता. इंग्रजी कायद्याने त्याला गावाची गरज उरू दिली नाही. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला. दावा तीन वर्षांच्या आत लावायचा. हेतू असा होता की देणं वर्षानुवर्षं लोंबकळत राहू नये, पण घडलं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार जुनं खत फाडी आणि थकलेलं व्याज मुद्दलात धरून नवं लिहून घेई. पाहता पाहता मूळ रक्कम ओळखू येईनाशी होई. मग दावा. कोर्ट तालुक्याच्या गावी. समन्स पोहोचलं की नाही कोणी पाहत नाही. पोहोचलं तरी ऐन पेरणीत दोन दिवस मोडून कोण जाणार? एकतर्फी हुकूमनामा, जप्ती, लिलाव. न्यायाधीशाने यात काही गैर केलेलं नसे. कागद खरा, निशाणी खरी, हुकूमनामा कायदेशीर. त्यात भर जमिनीच्या साऱ्याची. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला भाव आला होता, तो ओसरला, आणि भाव पडत्या काळातच नव्या पाहणीचा वाढीव सारा आला. अशा वेळी सारा भरायलाही सावकाराचंच दार.

कोर्टात बसून कोर्टाला दोष देणं सोपं नव्हे. आमच्या साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री राघोबादादांना त्यांचा गुन्हा तोंडावर सांगून पुणं सोडून गेले. त्यांची ती ताठ पाठ प्रत्येक मराठी मुलाच्या मनात आहे. वेडरबर्न यांची रीत निराळी होती. ते उठून गेले नाहीत. टिपणं लिहीत राहिले, योजना मांडत राहिले, नाकारल्या गेल्या की पुन्हा मांडत राहिले. ही चिकाटी मोठ्या गोष्टीसारखी सांगता येत नाही, म्हणून ती कोणी सांगत नाही. मला मात्र ती रामशास्त्र्यांच्या बाणेदारपणाइतकीच अवघड वाटते.

वेडरबर्न यांचं घराणं पाहिलं की हा माणूस अधिकच उमगत नाही, किंवा खरं तर तेव्हाच उमगू लागतो. पणजोबा सर जॉन वेडरबर्न १७४५ च्या बंडात राजपुत्र चार्ल्सच्या बाजूने लढले आणि १७४६ मध्ये लंडनला फाशी गेले. घराण्याची पदवी गेली. त्यांचा कोवळ्या वयाचा मुलगा जॉन, म्हणजे विल्यम यांचे आजोबा, जमैकाला पळाला, उसाच्या मळ्यांवर श्रीमंत झाला आणि मायदेशी परतला. येताना त्याने सोबत एक गुलाम आणला. आफ्रिकेतून पकडून आणलेला, जोसेफ नाइट नावाचा मुलगा. मोठा झाल्यावर नाइटने लग्न केलं, मोकळीक मागितली आणि ती मिळेना तेव्हा तो कोर्टात गेला. पर्थच्या स्थानिक दंडाधिकाऱ्यांनी मालकाची बाजू घेतली. तिथल्या शेरीफने तो निकाल फिरवला. आणि १७७८ मध्ये स्कॉटलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की जमैकाचा कायदा काहीही म्हणो, स्कॉटलंडच्या भूमीवर कोणी कोणाचा गुलाम असू शकत नाही. हरलेल्या त्या मालकाचा नातू शंभर वर्षांनी पुण्याच्या मुलखात न्यायाधीश होतो आणि कर्जाने बांधलेल्या कुणब्याची बाजू लिहायला बसतो. एकातून दुसरं निघालं असं मी म्हणणार नाही. पण एक माणूस उठून कोर्टात जातो आणि कोर्ट त्याच्या बाजूने कागदापलीकडे पाहतं, ही घटना त्या घरात घडलेली होती एवढं खरं.

दुसरी घटना १८५७ ची. विल्यम यांचे थोरले बंधू जॉन हिसारला कलेक्टर होते. त्या उठावात ते, त्यांची पत्नी आणि तान्हं मूल मारलं गेलं. धाकटा भाऊ तीन वर्षांनी त्याच देशात नोकरीला आला. सुडाची भाषा त्या काळच्या इंग्रज वर्तमानपत्रांत रोज छापून येत होती. ती त्याने उचलली असती तर कोणाला आश्चर्य वाटलं नसतं.

इथे मला साताऱ्याचा गेंडा माळ आठवल्याशिवाय राहत नाही. ८ सप्टेंबर १८५७ रोजी तिथे सतरा जणांना देहदंड दिला गेला. कोणाला फाशी, कोणाला तोफेच्या तोंडी, कोणाला गोळ्या. त्यांत रंगो बापूजी गुप्त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः निसटले ते कायमचे. त्याआधी हाच माणूस पदच्युत प्रतापसिंह महाराजांचा वकील म्हणून १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनमध्ये होता. इंग्रजांच्या कायद्यावर, इंग्रजांच्या पार्लमेंटवर भरवसा ठेवून. तिथे त्याच्या बाजूने कॉमन्समध्ये जे थोडे सभासद उठून उभे राहिले, त्यांत जोसेफ ह्यूम होते, स्कॉटलंडातल्या माँट्रोझचे. साताऱ्याच्या राजाला बाजू मांडायची संधीही न देता काढलं, हे त्यांनी सभागृहाला पुन्हा पुन्हा सांगितलं. उपयोग झाला नाही. महाराज १८४७ मध्ये काशीला वारले आणि पुढच्याच वर्षी शहाजीराजे गेल्यावर डलहौसीने राज्य खालसा केलं. या जोसेफ ह्यूम यांचा मुलगा म्हणजे काँग्रेसचे संस्थापक अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम, आणि त्यांचं चरित्र १९१३ मध्ये लिहिलं वेडरबर्न यांनी. साताऱ्याचं गाऱ्हाणं पार्लमेंटच्या दारात घेऊन जाण्याची वाट अशी जुनी आहे, आणि त्या वाटेवर पहिला पाय साताऱ्याच्या वकिलाचा पडला आहे.

वेडरबर्न यांचा पहिला उपाय होता पंचायत. १८७८ मध्ये त्यांनी लंडनच्या ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे निबंध वाचला: शेतकऱ्यांच्या असंतोषावर इलाज म्हणून गावची पंचायत पुन्हा उभी करा. धनको आणि ऋणको एकमेकांना ओळखतात, पंच दोघांना ओळखतात, पैसे खरोखर किती दिले-घेतले हे गावाला माहीत असतं. त्यांनाच समेट करू द्या, कोर्ट शेवटी येऊ द्या. हे विचार हवेतून आले नव्हते. पुण्यात सार्वजनिक सभेने लवाद कोर्टं चालवून पाहिली होती आणि त्यामागे होते गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, जन्माने सातारचे. स्वतः वकील असलेला माणूस लोकांना वकिलाशिवाय भांडण मिटवायला सांगत होता. न्यायाधीशाला कोर्टावर भरवसा उरला नव्हता, वकिलाला वकिलीवर. त्या दशकात दोघांचे विचार जुळले.

पुढच्या वर्षी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो चारच जिल्ह्यांना लागू होता: पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा. साताऱ्यात तेव्हा वाळवा, तासगाव, खानापूर हे आजच्या सांगलीचे तालुके होते. सांगली, मिरज, जत ही संस्थानं मात्र या कायद्याच्या बाहेर राहिली. एका बांधावरच्या शेतकऱ्याला संरक्षण आणि पलीकडच्याला नाही, अशी स्थिती कृष्णाकाठी कित्येक ठिकाणी असणार. कायद्याचं मर्म एका वाक्यात सांगता येतं: न्यायाधीशाने खतावर थांबू नये, खताच्या मागे जावं. मुळात किती दिले, व्याज किती चढवलं, फेड किती झाली, सगळा हिशोब उलगडून पाहावा आणि वाजवी व्याज धरून देणं ठरवावं. कर्जापायी कैद नाही. स्पष्ट तारण नसेल तर जमिनीचा लिलाव नाही. खतं सरकारी नोंदणीदारासमोर लिहायची. दावा लावण्याआधी समेट करणाऱ्यासमोर जायचं. गावोगाव मुन्सफ नेमायचे. 'निशाणी तुझीच ना?' या प्रश्नाच्या पुढचे प्रश्न विचारायला कोर्टाला प्रथमच भाग पाडलं गेलं.

आणि ते विचारायला न्यायमूर्ती रानडे आमच्या भागात फिरले. १८८१ मध्ये या कायद्याखाली पुणे आणि सातारा या जिल्ह्यांच्या तपासणीचं काम त्यांच्याकडे आलं. बैलगाडीने मुक्कामामागून मुक्काम, दुय्यम कोर्टांची दप्तरं उघडून एकेक निकाल तपासणं. रमाबाई सोबत असत. त्यांच्या आठवणींत हे दौरे आहेत. रानड्यांचं अर्थशास्त्र आपण पुस्तकातलं समजतो. मला ते या दप्तरांतून, तळाशी नांगर काढलेल्या खतांतून आलेलं वाटतं. वेडरबर्न आणि रानडे यांची मैत्रीही मतांच्या जवळिकीपेक्षा या कामातून घट्ट झाली असावी.

पंचायतीविषयी मात्र वेडरबर्न यांच्याशी माझं एका जागी पटत नाही. गाव म्हणजे एक कुटुंब, हे चित्र त्यांनी फार चटकन स्वीकारलं. पंच कोण असणार होते? पाटील, कुलकर्णी, एखादा बडा शेतकरी, कदाचित खुद्द सावकाराचा भाऊ. महारवाड्यातल्या माणसाला त्या पारावर बसूही दिलं नसतं. त्याने न्याय कोणाकडे मागायचा? त्याच वर्षांत जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. त्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, म्हणजे हाही साताऱ्याचाच आवाज. सावकाराइतकाच कचेरीतला कारकून, आणि दोघांना मिळालेली जातीची साथ, हे जोतीरावांनी ज्या धगीने मांडलं ते सार्वजनिक सभेच्या कोणत्याच निवेदनात आलं नाही, आणि वेडरबर्न यांना जे कळत होतं ते बहुतांशी सभेच्या मंडळींकडून कळत होतं. इंग्रजी कोर्ट दूर होतं, महाग होतं, पण कागदोपत्री तरी तिथे अस्पृश्याला उभं राहता येत होतं. हा मुद्दा त्यांच्या लिखाणात कुठेतरी यायला हवा होता.

दुसरा उपाय अधिक पक्का होता: शेतकी पेढी. कायदा सावकाराचे हात बांधील, पण बियाण्याला पैसे कोण देणार? १८८२ च्या सुमारास रानड्यांच्या मदतीने त्यांनी योजना आखली. पुरंदर हा एकच तालुका प्रयोगासाठी घ्यायचा, जुनी कर्जं तपासून तडजोडीने मिटवायची आणि मग पेढीने माफक व्याजाने पतपुरवठा करायचा. भांडवल घालायला पुण्यातले धनिक तयार होते. लॉर्ड रिपन यांच्या सरकारने योजना उचलून धरून १८८४ मध्ये लंडनला पाठवली. इंडिया ऑफिसने ती नाकारली. वीस वर्षांनी, १९०४ मध्ये, सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, आणि आज आमच्या गावागावांत जी 'सोसायटी' आहे, जिच्या दारात मार्चअखेर नवं-जुनं करायला रांग लागते, ती त्याच विचारातून आली. वीस वर्षं म्हणजे मोठा काळ. त्यात १८९६ आणि १८९९ चे दुष्काळ येऊन गेले.

१८८२ मध्ये दुसरे थोरले बंधू सर डेव्हिड वारले आणि घराण्याला मधल्या काळात पुन्हा मिळालेली पदवी विल्यम यांच्याकडे आली. पुण्यातली त्यांची वर्षं शिक्षणाच्या कामातही गेली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना २४ ऑक्टोबर १८८४ ला गद्रे वाड्यातल्या ज्या सभेत झाली, तिचे अध्यक्ष तेच होते. टेंभूचे आगरकर त्या सभेमागच्या मंडळींत होते. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज याच सोसायटीचं, १९१९ चं. हुजूरपागेच्या मुलींच्या शाळेला त्यांनी भावाच्या स्मरणार्थ देणगी दिली.

इल्बर्ट बिलाच्या वादात ते हिंदी न्यायाधीशांच्या बाजूने उभे राहिले होते. युरोपियन गुन्हेगाराचा खटला हिंदी न्यायाधीशाने का चालवू नये, एवढाच तो प्रश्न, आणि मुंबई-कलकत्त्याचे गोरे त्यावर पेटून उठले होते. उच्च न्यायालयातली त्यांची जागा कायम झाली नाही. १८८७ मध्ये, मुंबई सरकारचे हंगामी मुख्य सचिव असताना, ते निवृत्त झाले. वय एकोणपन्नास. बहुतेक साहेब अशा वेळी घरी जाऊन शिकारीच्या आठवणी लिहीत. हे गृहस्थ दोन वर्षांनी काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून मुंबईत परतले. १८८९ च्या त्या अधिवेशनाला नेमके १८८९ प्रतिनिधी आले होते, आणि त्या योगायोगाचं तेव्हा सगळ्यांना मोठं कौतुक होतं.

मग उमेदवारी. १८९२ मध्ये उत्तर एअरशायरमधून उदारमतवादी पक्षातर्फे उभे राहिले आणि पडले. पुढच्या वर्षी बॅन्फशायरमध्ये पोटनिवडणूक आली, तिथून निवडून आले आणि १९०० पर्यंत सभासद राहिले. बॅन्फ हे उत्तर समुद्राकाठचं लहान गाव. साताऱ्याचा पहिला इंग्रज रेसिडेंट आणि मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक ग्रँट डफ याच गावात १७८९ मध्ये जन्मला होता. तो कॅप्टन म्हणून आला, १८१८ ते १८२२ प्रतापसिंहांच्या दरबारात बसला, बखरी आणि दप्तरं चाळली आणि १८२६ मध्ये इतिहासाचे खंड छापले. ज्या मुलखाने आम्हाला आमचा इंग्रजी इतिहासकार दिला, त्याच मुलखाच्या मतांवर निवडून गेलेला माणूस कॉमन्समध्ये आमच्या शेतकऱ्याविषयी बोलणार होता. बॅन्फच्या कोळ्यांना आणि कुळांना दख्खनच्या कुणब्याचं काय वाटलं असेल? पण समुद्र आणि जमीनमालक या दोन्हींच्या लहरीवर जगणाऱ्या माणसाला कर्ज म्हणजे काय हे समजवावं लागत नाही, आणि अशा माणसांनी त्यांना दोनदा निवडून दिलं.

पार्लमेंटमधलं काम कोरडं होतं. हिंदुस्थानचं अंदाजपत्रक अधिवेशनाच्या अगदी शेवटी, ऑगस्टच्या उन्हात येई, तेव्हा बाकं रिकामी असत. कोट्यवधी माणसांचा जमाखर्च मूठभर सभासदांपुढे एका संध्याकाळी उरकला जाई. वेडरबर्न तिथे आकडे घेऊन उभे राहत. त्यांनी १८९३ मध्ये हिंदुस्थानाविषयी आस्था असणाऱ्या सभासदांची समिती बांधली. काँग्रेसच्या लंडनमधल्या ब्रिटिश कमिटीचं अध्यक्षपद ते १८८९ पासून सांभाळत होते आणि 'इंडिया' हे तिचं नियतकालिक चालू ठेवायला खिशातले पैसे घालत होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनवर दादाभाई नौरोजींबरोबर तेही होते.

त्या कमिशनपुढे साक्ष द्यायला १८९७ मध्ये गोखले लंडनला गेले होते. पुण्यात प्लेग चालू होता. गोऱ्या सोल्जरांच्या घरझडतीत स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या बातम्या पत्रांतून कळल्या आणि गोखल्यांनी त्या तिथे जाहीर केल्या. परतल्यावर पुरावा उभा राहिना तेव्हा त्यांना माफी मागावी लागली. एकतीस वर्षांचा तरुण, सगळ्या बाजूंनी शिव्या खाणारा. वेडरबर्न यांनी त्याची साथ सोडली नाही. पुढे गोखले जे झाले त्यात या दिवसांतल्या विश्वासाचा वाटा मोठा आहे असं मी मानतो.

पण वेडरबर्न यांची सगळ्यात साधी मागणी वेगळीच होती, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात माण, खटाव, खानापूरचा पट्टा होरपळला होता. सरकार म्हणे पाऊस पडला नाही म्हणून माणसं मेली. वेडरबर्न म्हणत, पाऊस एक वर्ष पडला नाही तर माणूस मरतो कारण त्याच्या घरात आधीच काही शिल्लक नसतं. ते का नसतं हे शोधा. काही नमुन्याची गावं निवडा. घरोघर जा. जमीन किती, बैल किती, पिकलं किती, सारा किती, देणं किती आणि कोणाचं, खायला किती महिने पुरतं, हे लिहून काढा. ही गावांची चौकशी त्यांनी पार्लमेंटमध्ये मागितली, निवेदनांतून मागितली, १९०१ मध्ये त्यासाठी 'इंडियन फॅमिन युनियन' काढली. सरकारने ती कधीच मनावर घेतली नाही. आपल्या राज्यात माणूस कसा जगतो हे मोजायचं सरकारला भय का वाटावं?

ती चौकशी अखेर आपल्याच माणसांनी केली. गोखल्यांच्या नावाने पुण्यात १९३० साली निघालेल्या अर्थशास्त्राच्या संस्थेने धनंजयराव गाडगिळांच्या हाताखाली वाई तालुक्यातल्या शेतीची घरोघर पाहणी केली आणि ती १९४० मध्ये छापली. वाई तालुका, सातारा जिल्हा. वेडरबर्न यांना जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती.

त्यानंतर तीनच वर्षांनी, वाळवा-तासगाव-खानापूरच्या त्याच पट्ट्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं आणि गावोगाव न्यायदान मंडळं बसली. कोर्टात न जाता गावातच निवाडा, सावकाराकडची गहाण जमीन परत. वेडरबर्न यांनी वैध मार्गाने मागितलेली पंचायत पासष्ट वर्षांनी बंदुकीच्या पहाऱ्यात आली. तिला त्यांनी मान्यता दिली असती असं मला वाटत नाही. ते सनदशीर माणूस होते. पण ती त्याच रानात का उगवली हे त्यांना कोणी सांगावं लागलं नसतं. १९५७ मध्ये साताऱ्याने नाना पाटलांना लोकसभेत पाठवलं.

१९१० मध्ये बहात्तराव्या वर्षी वेडरबर्न पुन्हा काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून अलाहाबादला आले, हिंदू-मुसलमान आणि जहाल-मवाळ यांना एकत्र बसवण्याच्या आशेने. ते साधलं नाही. दोन वर्षांनी ह्यूम गेले, १९१५ मध्ये गोखले, १९१७ मध्ये दादाभाई. २५ जानेवारी १९१८ रोजी इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरच्या घरी वेडरबर्न यांचं निधन झालं.

गावांची ती चौकशी आज पुन्हा करायला हवी, आणि आमच्याकडेच करायला हवी. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण. आता प्रत्येक घरात बँकेचं खातं आहे, सोसायटीचं पीककर्ज आहे. पण ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून घेतलेली उचल कुठल्या खात्यात दिसते? गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी परमुलखात गेलेल्या पोरामागे घरच्यांनी किती उसने घेतले? बचत गटाचा हप्ता भरायला फायनान्सवाल्याकडून, आणि त्याचा हप्ता भरायला गल्लीतल्या खासगी सावकाराकडून, अशी साखळी किती घरांत आहे? २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने जिल्हा निबंधकाला अधिकार दिला आहे की व्याजापोटी करून घेतलेल्या खरेदीखताच्या मागे जाऊन पाहावं आणि जमीन परत मिळवून द्यावी. १८७९ चंच तत्त्व आहे ते. पण निबंधकाकडे अर्ज करायला माणसाने आधी घरातलं देणं उघड बोलून दाखवावं लागतं, आणि आमच्याकडे देणं हे शेजाऱ्यालाही न सांगण्याची गोष्ट आहे. म्हणून अर्जाची वाट न पाहता कोणीतरी जायला हवं. विद्यापीठं आहेत, कॉलेजं आहेत, एम. ए. ला अर्थशास्त्र घेतलेली याच गावांतली शेकडो मुलं-मुली आहेत. कोणत्या घरी कधी गेलं तर माणसं बोलतील, हे त्यांना आधीच माहीत आहे. वही तशीच घ्यायची, वेडरबर्न यांनी सांगितलेल्या रकान्यांची: जमीन किती, पिकलं किती, देणं किती, कोणाचं. आणि एक रकाना बायकांच्या नावावरच्या कर्जाचा वाढवायचा, जो त्यांच्या काळात नव्हता.